अँबेसेडरचे टॅपेट वाजतात? पाना फिरवायच्या आधी हे मोजा

आमची मार्क टू अँबेसेडर १९७२ ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. सकाळी नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत ती चालू केली की चार घरं सोडून राहणाऱ्या काकूंना कळायचं, निघाले हे लोक कुठेतरी. टक टक टक टक, शिलाई मशीन चालल्यासारखं. एका गॅरेजवाल्याने, नाव जाऊ द्या, बोनेट उघडून दहा मिनिटांत आठही टॅपेट आवळून दिले आणि म्हणाला "ऐका साहेब, मारुती झाली". झाली खरी. तीन महिन्यांनी कसारा घाट चढताना सेकंडवरसुद्धा गाडी दम टाकायला लागली, इगतपुरीपर्यंत कशीबशी आणली, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, उघडलं तर चार नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून नखाएवढा तुकडा गायब.

तेव्हापासून मी हे काम स्वतः करतो. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेले शेजारचे एक काका आहेत, मोजमापाची शिस्त त्यांनी लावली, आणि सातपूर एमआयडीसीतला एक टर्नर आहे, लेथचं आणि हेडचं काम त्याच्याकडे. बाकी सगळं घरच्या पार्किंगमध्ये होतं. खाली लिहितोय ते अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनबद्दल, म्हणजे बीएमसीचं बी-सिरीज इंजिन, बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं. फियाट किंवा जुनी जीप असेल तर तत्त्व तेच, पण आकडे इथले उचलू नका, आपापल्या मॅन्युअलमधले घ्या.

आधी आवाज नक्की कशाचा ते कळू द्या

या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये. त्याच्यावर टॅपेट, टॅपेटमध्ये पुशरॉड, पुशरॉड वर येऊन रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. म्हणजे कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंत मध्ये पाच-सहा ठिकाणी लोखंडाला लोखंड घासतंय, आणि यातलं काहीही झिजलं तरी वर ऐकू येणारा आवाज एकच, टक टक. आपण मात्र प्रत्येक वेळी एकाच स्क्रूवर राग काढतो, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या देठामधला गॅप ठरवणाऱ्या, आणि त्यालाच टॅपेट आवळणं म्हणतो.

आता हा गॅप मोजायचा फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, कसा फसवतो ते बघा, कारण सगळी गडबड इथून सुरू होते. रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या देठावर वर्षानुवर्षं आपटून त्याला मध्ये खळगा पडतो. फिलर गेजची पट्टी सपाट असते, ती त्या खळग्यात उतरत नाही, दोन्ही कडांवर पूल टाकल्यासारखी बसते. तुम्ही पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी, लावून खुश, पण खळगा ०.१५ मिमी खोल असेल तर खरा गॅप झाला ०.५३ मिमी, जवळजवळ एकवीस थाऊ. आवाज येणारच. मग मिस्त्री आवाज जाईपर्यंत आवळतो, बाकीच्या सातही रॉकरना तोच अंदाज लावतो, आणि ज्या रॉकरला खळगा नव्हता त्याचा गॅप पार संपतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सगळ्यात जास्त सीटमधूनच, म्हणजे हेडमध्ये तो जिथे टेकतो त्या कडेतूनच, बाहेर जाते, सीटला टेकलाच नाही तर जळणार नाही तर काय होणार. माझा चार नंबर असाच गेला.

म्हणून पहिलं काम मोजणं. त्यासाठी लागणारं सामान फार नाही. इंची पाने, कारण या इंजिनाचे नटबोल्ट इंचातले आहेत आणि मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि मग नट गोल करतो. टॉर्क पाना, किती जोराने आवळलं ते दाखवणारा. फिलर गेज. मॅग्नेटिक स्टँडवाला डायल इंडिकेटर, बारीक हालचाल सुईवर दाखवणारा, आणि ० ते २५ मिमी मायक्रोमीटर. शेवटचे दोन नसतील तर कोणाकडून आणा, पण त्यांच्याशिवाय सुरू करू नका, व्हर्नियरने शंभराव्या हिश्शाचा भरवसा येत नाही.

इंजिन गरम करा, रॉकर कव्हर काढा, मंद चालू ठेवा आणि फिलरची पातळ पट्टी एकेका रॉकरच्या टोकाखाली सरकवत जा. ज्याच्याखाली पट्टी गेली की आवाज दबतो तो गुन्हेगार, खडूने खूण करा. पट्टीने आवाज अजिबात बदलत नसेल तर आवाज टॅपेटचा नाहीच, टायमिंग चेन असेल, फ्युएल पंप असेल, क्वचित गजनपिन, पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी.

मग बंद करून सगळे प्लग काढा आणि कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडा आणि परत मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड गॅस्केट शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये फुटलं असेल तर ते दोघं मिळून खाली येतात.

तिसरी गोष्ट कोणी करत नाही आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त सांगून जाते. इंजिन थंड झालं की डायल प्रत्येक पुशरॉडच्या वरच्या टोकाशी, म्हणजे रॉकरच्या त्या बाजूला लावा, आणि हँडलने इंजिन हळूहळू फिरवून कॅम किती उचलतोय ते आठही ठिकाणी लिहून घ्या. अँबेसेडरचं हँडल इथे सोन्यासारखं कामाला येतं, प्लग काढलेले असतात त्यामुळे लहान पोरगंसुद्धा फिरवेल. इनटेक इनटेकशी जुळायला हवेत, एक्झॉस्ट एक्झॉस्टशी. एखादा बाकीच्यांपेक्षा ०.२ मिमी कमी उचलत असेल तर कॅमचं नाक झिजलंय, आणि वर कितीही खर्च केला तरी तो सिलिंडर पूर्ण श्वास घेणार नाही. हे हेड उघडायच्या आधी कळलं तर बजेट आधीच ठरवता येतं, नाहीतर मधेच समजतं की इंजिनच उतरवायचंय आणि गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली.

रॉकर शाफ्ट काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरचं पाणी काढा. हो, रॉकर काढायलासुद्धा पाणी काढायचं, कारण या इंजिनात रॉकरच्या चार ब्रॅकेटना आठ नट आहेत, त्यातले चार लहान फक्त ब्रॅकेट धरतात, पण चार मोठे थेट हेडचे स्टड आहेत. ते चारच सोडले आणि बाकीचे हेडचे नट आवळलेले राहिले तर हेड एका बाजूला ओढलं जातं, वाकतं, गॅस्केट सुटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये आणि खाली ऑईलमध्ये उतरतं. म्हणून अकराच्या अकरा हेड नट थोडे थोडे, बाहेरून आत येत, पाव-पाव फेरा सैल करायचे आणि मग रॉकर असेंब्ली सरळ वर उचलायची. ब्रॅकेटखाली पत्र्याच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतील तर कुठली कुठे होती ते लिहा.

हेड सैल झालंच आहे तर मी गॅस्केट बदलूनच टाकतो. जुनंच परत आवळून चालवणारेही आहेत, चालतंही कधी कधी, पण चालेल की नाही हे दुसऱ्या दिवशी रेडिएटरमध्ये बुडबुडे बघून कळतं. गॅस्केटच्या पैशासाठी तो सस्पेन्स कशाला.

पुशरॉड उचलताना आधी थोडा पिळा, मग वर ओढा. खाली टॅपेटमध्ये ऑईल असतं, त्याने तो चिकटलेला असतो, सरळ ओढला तर टॅपेटही वर उचकटून येतं आणि कुठेतरी तिरकं अडकतं. आणि क्रम! द्राक्षाची जाड पुठ्ठ्याची पेटी घ्या, नाशकात ती कोणाच्या घरी नाही, त्याला आठ भोकं पाडा, १ ते ८ नंबर लिहा, पुढून मागे. पुशरॉड त्यात उभे खोचा. व्हॉल्व्ह, टॅपेट, रॉकर, सगळ्यांना नंबर. पन्नास वर्षं एकमेकांवर घासून जे जोडीदार झालेत त्यांची अदलाबदल केली की दोन्ही नव्याने झिजायला लागतात.

आता शाफ्ट, म्हणजे रॉकर ज्यावर झुलतात ती दांडी, सोडायचा. दोन्ही टोकांना पिन आणि वॉशर, एका ब्रॅकेटला शाफ्ट जागेवर धरणारा लोकेटिंग स्क्रू. तो काढला की सगळं दांडीवरून माळेतले मणी काढल्यासारखं निघतं, फोटो काढून ठेवा, स्प्रिंग कुठे वॉशर कुठे ते नंतर आठवत नाही, मला तर दोनदा आठवलं नाही. शाफ्टच्या टोकाचा पेचाचा प्लग काढा आणि आत बघा. आमच्यात काळ्या मेणासारखा गाळ होता, भोकं निम्मी बुजलेली. तेल कॅमच्या बेअरिंगकडून ब्लॉक आणि हेडमधून एका ब्रॅकेटमध्ये चढतं, तिथून या पोकळ शाफ्टमध्ये आणि मग एकेका भोकातून रॉकरला. आत गाळ म्हणजे शेवटच्या रॉकरला उपास. रॉकेल, तार आणि शेवटी कॉम्प्रेसरची हवा.

झीज वाचायची कशी

शाफ्ट नवा असताना साधारण १५.८५ ते १५.८७ मिमी, म्हणजे पाच अष्टमांश इंचाला किंचित कमी. ब्रॅकेटच्या आतला भाग झिजत नाही, तिथे मायक्रोमीटर लावून तुमच्या शाफ्टचा मूळ आकडा घ्या आणि मग रॉकर बसतात त्या आठ ठिकाणी उभं-आडवं मोजा. झीज खालच्या बाजूला सापडेल. का, तर पुशरॉड रॉकरला एका टोकाने वर ढकलतो आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसऱ्या टोकाने वर ढकलते, त्यामुळे रॉकरचा बुश, म्हणजे त्याच्या भोकातली आतली नळी, कायम शाफ्टच्या पोटाला दाबलेला राहतो. बोटाचं नख फिरवा, पायरी अडकली की समजा शाफ्ट गेला. काकांचा नियम, ०.०३ मिमीपर्यंत चालव, ०.०५ ला बदल. मला तो पटतो.

इथे एक जुना जुगाड सांगतात, शाफ्ट उलटा फिरवून बसवायचा, म्हणजे न झिजलेली बाजू खाली येते. करू नका. तेलाची भोकंही फिरतात आणि जिथे दाब आहे तिथे तेल पोचत नाही, लोकेटिंग स्क्रूची जागा जुळत नाही ती वेगळीच. जुना शाफ्ट हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घेता येतो, सातपूर-अंबडला प्लेटिंगवाले आहेत, पण तयार नवा शाफ्ट मिळत असेल तर तोच घ्या. फक्त नवा आणला की फाईलचा (कानशीचा) कोपरा त्याच्या टोकाला हलकेच घासून बघा. घसरली तर कडक आहे. खरवडलं तर तो शाफ्ट परत दुकानात.

रॉकरचा बुश तपासायला रॉकर शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर चढवा आणि आडवा हलवा. टकटक हाताला लागली तर बुश गेला. नवीन बुश म्हणजे जेमतेम पत्र्याची गुंडाळी, किमतीत काही नाही, पण बसवण्यात चूक झाली तर सगळं पाण्यात. आमच्याकडे पहिल्या वेळी झाली. बुश प्रेसवर ढकलला, रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारला, एकदम मस्त फिट, आणि तेलाची भोकं पाडायचीच राहिली. रॉकरमध्ये भोकं आहेत पण आत नव्या बुशने ती झाकली, म्हणजे वरच्या अंगाला तेल नाही आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच्या गोळ्यालाही नाही. तीनशे किलोमीटरमध्ये दोन गोळे निळे पडले. टर्नरला काय बोलणार, रॉकर देताना मीच काही सांगितलं नव्हतं.

तर क्रम असा. जुना बुश ढकलून काढा. नव्या बुशचा सांधा रॉकरच्या भोकात वरच्या बाजूला येईल असा धरा, कारण दाब खाली असतो. वरच्या तेलाच्या भोकासाठी बुशला दाबायच्या आधीच साधारण २ मिमीचं भोक पाडता येतं. दुसरी वाट, जी अ‍ॅडजस्टिंग स्क्रूकडे जाते, ती बुश बसल्यावरच उघडता येते: स्क्रू काढायचा, रॉकरच्या टोकाला त्या वाटेला मारलेला रिव्हेट ड्रिलने काढायचा, त्याच वाटेने लांब २ मिमी ड्रिल आत नेऊन बुश भोसकायचा, मग टोक परत रिव्हेट मारून आणि वेल्डचा ठिपका देऊन बंद करायचं. हे सगळं झाल्यावर रीमर, आधी नाही, नाहीतर भोकाच्या कडा आत उभ्या राहतात. शेवटी शाफ्टवर ऑईल लावून रॉकर चढवला की स्वतःच्या वजनाने हळूच खाली झुकला पाहिजे. आपटला तर सैल, अडकला तर घट्ट. आणि वरच्या भोकातून पिचकारीने तेल सोडून दोन्हीकडून बाहेर येतंय ना ते बघा, या एका मिनिटाने माझे दोन गोळे वाचले असते.

आता रॉकरचं टोक, तो खळगा. हाताने फाईल मारून सपाट करायचं नाही. ते टोक गोलाईत असतं, व्हॉल्व्हवर लोळत जातं, सपाट केलं तर कडेने व्हॉल्व्हचं देठ बाजूला ढकलतं आणि गाईड, म्हणजे देठ ज्या नळीत सरकतं ती, खातं. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मशीनवर रॉकरसाठी जोड असतो, त्यावर मूळ गोलाई ठेवून अगदी थोडं घ्यायचं. कडक थर वरवरचा असतो. ग्राइंड केल्यावर परत फाईलची परीक्षा: फाईल चावली म्हणजे कडक थर संपला, तो रॉकर महिन्याभरात परत खळगा पाडेल, त्यापेक्षा भंगारातून दुसरा चांगला रॉकर शोधा. अँबेसेडरचे रॉकर अजून सापडतात, उत्तरपाड्याला ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे आपल्या गाडीवाल्यांचं स्पेअरच्या बाबतीत नशीब बरं आहे, शेवरोलेवाल्यांना विचारा. व्हॉल्व्हच्या देठाचं टोकही बघा, तिथे खड्डा असेल तर मशीनवर काटकोनात किंचित साफ करता येतं.

पुशरॉड जाड काचेवर लोळवा. टेबलाची काच चालेल, बायकोला विचारून. लडबडला तर वाकलाय, ठोकून सरळ करत बसू नका. वरची वाटी आणि खालचा गोळा गुळगुळीत हवेत.

खाली टॅपेट, आणि नको असलेली बातमी

टॅपेट बघायला इंजिन उतरवावं लागत नाही, हे या इंजिनाचे उपकार आहेत. डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, दोन झाकणं आहेत. कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड काढा, झाकणं काढा, टॅपेट बोटाने वर येतात. तळ उन्हात धरून बघा. चांगल्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, डोळ्याला दिसत नाही, पण नव्या दोन टॅपेटचे तळ एकमेकांवर ठेवले तर ते डुगडुगतात. जुने दोन ठेवले आणि चिकटून गप्प बसले तर फुगवटा गेला. तो फुगवटा आणि कॅमचा किंचित तिरका घास यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. तळावर एकाच दिशेची पट्टी ओढलेली दिसली तर तो फिरणं विसरलाय, आणि त्याच्या खालचा कॅम तो खातोय. खड्डे, भाजलेल्या पापडासारखे फोड, काहीही दिसलं तरी बाद.

आणि नियम, यात सूट नाही: जुना टॅपेट फक्त त्याच्याच कॅमवर. नवा कॅम घातला की आठही टॅपेट नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट टाकून "पैसे वाचवलेले" लोक मी बघितलेत.

कॅम गेला असेल तर रेडिएटर, टायमिंग चेन, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह, खालचं ऑईलचं चेंबर आणि ऑईल पंप, सगळं निघतं. तिथून पुढे इंजिन ओव्हरहॉल करताय असं समजूनच चाला, तो वेगळा विषय.

हेड

गाईडमध्ये व्हॉल्व्ह १० मिमी उघडा धरून डोकं डायलवर टेकवून हलवा. इनटेक थोडा, एक्झॉस्ट त्याहून थोडा जास्त हलला तर ठीक, पण हाताला खडखड लागायला नको. गाईड सैल असताना कार्बोरंडम पेस्टने व्हॉल्व्ह घासत बसण्यात अर्थ नाही, दर वेळी वेगळ्या जागी बसणार. गाईड काढायच्या आधी स्प्रिंगच्या बैठकीपासून वर किती आलंय ते मोजून लिहा, नवं तेवढंच वर ठेवायचं. जुनं खाली, म्हणजे पेट्रोल जळतं त्या चेंबरच्या दिशेने ठोकून काढतात, नवं वरून घालतात. गाईड बदललं की सीट कटरने परत ४५ अंशात काढणं आलंच, कारण मध्य सरकतो.

सीटबद्दल एक गोष्ट समजून घ्या. ही गाडी शिसं असलेल्या पेट्रोलवर वाढली. देशभर शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिशाचा पातळ थर सीट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये गादीचं काम करायचा, ती गादी गेली. हेडचं साधं बीड (कास्ट आयर्न) आणि त्यातच कापलेली एक्झॉस्ट सीट, लांबचा हायवे जोरात मारला की व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बुडत जातो. व्हॉल्व्ह बुडाला की त्याचं देठ वर येतं आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होते. आपल्याला वाटतं वा, सुधारली! हेड उघडलंच आहे तर चारही एक्झॉस्टला कडक सीट रिंग दाबून घ्या. माझ्या मते अख्ख्या कामात सगळ्यात वसूल होणारा खर्च हाच, क्रोमच्या बंपरपेक्षा तरी नक्की.

सीटची करडी रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची हवी, साधारण दीड मिमी, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या मधोमध. पेस्ट लावून घासताना दांडा दोन तळव्यांत रवीसारखा फिरवायचा, मधे मधे उचलून जागा बदलायची. सगळी पेस्ट रॉकेलने धुवा, बोटाने पुसून भागत नाही. मग व्हॉल्व्ह, स्प्रिंग लावून हेड आडवं धरा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता, पाच मिनिटं चेंबरकडे थेंब नाही आला तर पास.

स्प्रिंगा आठही एका रांगेत उभ्या करा, बुटकी दिसली ती बाद. गुन्याला लावून बघा, वाकडी असेल तीही. देठावरचे रबरी सील नवे, बसवायच्या आधी थोडा वेळ इंजिन ऑईलमध्ये भिजवा नाहीतर चढवतानाच फाटतात आणि मग सकाळी पहिला धूर निळा.

जोडणी आणि टॅपेट लावणं

सगळ्या घासणाऱ्या जागांना ऑईल, टॅपेटच्या तळाला आणि कॅमला असेंब्ली ल्यूब. रॉकर असेंब्ली ठेवायच्या आधी आठही अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण मागे घ्या. विसरलात तर नट आवळताना व्हॉल्व्ह उघडत जातात आणि सगळ्यात कमजोर असतो तो पुशरॉड वाकतो. प्रत्येक पुशरॉड खाली टॅपेटमध्ये बसलाय ना हे हलवून बघा. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क मॅन्युअलमधला. अंदाजाने नाही.

गॅप लावायला नऊचा नियम. पुढून मोजलं तर १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनटेक. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नऊमधून वजा करा, येईल तो लावायचा. ८ उघडा तेव्हा १, ६ उघडा तेव्हा ३, ४ ला ५, ७ ला २, १ ला ८, ३ ला ६, ५ ला ४, २ ला ७. याच क्रमाने गेलात तर हँडल दोन फेऱ्यांत काम संपतं. गॅप इंजिन गरम असताना १५ थाऊ, ०.३८ मिमी. पहिल्यांदा थंडच लावा, गाडी गरम करा, परत लावा. पट्टी जाताना थोडी धरली पाहिजे, चुरगळली नाही पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घाला, प्रत्येक वेळी. आणि एखाद्या रॉकरचा खळगा तुम्ही तसाच ठेवला असेल, पार्ट मिळाला नाही म्हणून, तर तिथे फिलर वापरू नका, डायलची सुई रॉकरच्या टोकावर ठेवा आणि रॉकर हाताने वरखाली करून प्रवास बघा.

ऑईल २०डब्ल्यू-५०. नव्या गाड्यांच्या पातळ ऑईलमध्ये फॉस्फरसला मर्यादा आहे, कॅटलिटिक कन्व्हर्टर वाचवायला, आणि झिंक-फॉस्फरसचं तेच मिश्रण आपल्या सपाट टॅपेटला वाचवतं. दुकानदार "फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाका, बेस्ट" म्हणेल. त्याच्या गाडीसाठी बेस्ट.

प्लग न लावता, कॉइलची वायर काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, रॉकर कव्हर उघडं ठेवून, आठही रॉकरवर तेल येईपर्यंत. आलं नाही तर चालू करू नका, शाफ्टमधला किंवा ब्रॅकेटमधला रस्ता कुठेतरी बंद आहे. नवा कॅम-टॅपेट असेल तर चालू होताच आयडलवर सोडायचं नाही, सरळ २००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं, थोडं वरखाली करत, कारण कॅमवर तेल क्रँकच्या फटकाऱ्याने उडून पडतं आणि आयडलला ते पुरत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रॉकर कव्हरचे दोन नट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो आणि मग कॉर्क नवा असूनही तेल गळतं.

पाचशे किलोमीटरला इंजिन थंड करून हेडचे नट परत टॉर्कला, आणि त्यानंतर टॅपेट परत. आठ आकडे बोनेटच्या आतल्या बाजूला ऑईलपेंटने लिहा, तारखेसकट. आमच्या बोनेटवर चार तारखा झाल्यात. शेवटच्या वेळी सात जागी १५ आणि पाच नंबरच्या एक्झॉस्टला १३ आलं, त्याला कडक रिंग बसवलेली नव्हती कारण त्या दिवशी टर्नरकडे तीनच होत्या. आवाज अर्थातच त्याचा सगळ्यात कमी. परत १५ केलाय, दोन हजार किलोमीटरने पुन्हा बघणार, आणि तेव्हाही खाली आला असेल तर हेड परत सातपूरला.